रेवेच्या उत्तर तीरी

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमानाने संकल्प करावयाचा आणि त्या संकल्पात आपण कोठे बसलो आहोत हे देवापुढे स्पष्ट सांगावयाचे, असा आपल्याकडे पूर्वापार प्रघात आहे. द्वीप, खंड, देश, जवळची नदी आणि त्या नदीचे नेमके कोणते तीर, इतका तपशील त्यात येतो. महाराष्ट्रातून निघून जी घराणी सिहोऱ्यास येऊन स्थिरावली त्यांच्या ओठांवर गोदावरी बसलेली होती. येथे तिचा उपयोग नव्हता. गाव नर्मदेच्या उत्तरेस. या मुलखातली हिरन नदीही पुढे नर्मदेलाच मिळते. तेव्हा उच्चार करावयाचा तो रेवेच्या उत्तर तीराचा. मंत्र तोच, गणपती तोच, पण पत्ता बदलला. परमुलखात राहणे म्हणजे काय, याचा पहिला पाठ आमच्या घरांना मिळाला तो हा.

सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. जबलपुराहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिहोरा रोड हे स्थानक लागते. आसपास गव्हाची काळी जमीन, गोसलपूरच्या बाजूस लोखंडाची खनिजे. जुन्या सिहोरा तहसिलीत, म्हणजे हल्लीच्या कटनी जिल्ह्यातील बहोरीबंदच्या बाजूस, रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असे सांगणारी अशोकाची आज्ञा प्रसिद्ध आहे; ती मात्र या शिळेवर नाही, ती गिरनारास आहे. आमच्या विषयाला ती येथे असती तर फार सोयीचे झाले असते, पण इतिहास लेखकाची सोय पाहत नाही.

जबलपूर शहरात महाराष्ट्रीयांचे मोहल्ले वसले, उत्सव सुरू झाले. सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावी मराठी घरे मोजकीच. शहरात माणूस आपल्या मंडळींत मिसळून दिवस काढू शकतो. लहान गावात शेजाऱ्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून भिन्न चालीरीतींच्या लोकांत कसे राहावे हा प्रश्न या लहान गावांतून अधिक लवकर आणि अधिक नेटाने सोडवावा लागला. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांपैकी कित्येक आज समुद्रापलीकडे आहेत. त्यांचा शेजार वेगळा, हवा वेगळी. तरी प्रश्न पुष्कळसा तोच आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. या मुलखात आपण पाहुणे म्हणून आलो नाही. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, तीत गढा-मंडल्याचा गोंड राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठी अंमलदारांनी उरलेले राज्यही खालसा केले. शेवटचा राजा नरहरिशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत मृत्यू पावला. १७९८ मध्ये हा प्रदेश पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७ च्या डिसेंबरात, जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. म्हणजे चौथाईपासून मोजले तर पाऊणशे वर्षे येथला वसूल कोणत्या ना कोणत्या मराठी खजिन्यात जात होता. शाळेत आम्ही अटकेपार गेलेल्या झेंड्यांची वर्णने वाचून फुगून जात असू. त्याच वर्गात, त्याच बाकावर, राणी दुर्गावतीच्या नावाने ज्याचा ऊर भरून येई असा गोंड मुलगा बसलेला असे. १५६४ मध्ये मोगलांशी लढता लढता देह ठेवणारी ती राणी, आणि तिच्या वंशाचे राज्य बुडविले ते आपल्या लोकांनी. आपला पराक्रम हा दुसऱ्याच्या घरी शोक असू शकतो, हे ज्ञान पुण्यात बसून होत नाही. ते सिहोऱ्यात होते. शेजाऱ्याच्या चालीरीती समजून घेणे ही पुढची पायरी. त्याच्या आठवणीत आपण कोण आहोत हे समजून घेणे ही पहिली. आमच्या मते परमुलखातील पुष्कळसे गैरसमज ही पहिली पायरी चुकल्यामुळे होतात.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, नागपूर ही त्याची राजधानी झाली, आणि नागपूर व जबलपूर एका कारभाराखाली आले. १८६७ मध्ये अलाहाबादहून जबलपुरास रेल्वे पोहोचली. १८७० मध्ये मुंबईकडील मार्ग तिला येऊन मिळाला. महसूल, न्याय, शिक्षण, रेल्वे, पुढे जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना, अशा वाटांनी मराठी माणूस येत राहिला. आता तो राज्यकर्ता नव्हता, पगारदार होता. तरी कचेरीतल्या खुर्चीला सत्तेचा थोडा वास असतोच. कॉंग्रेसने १९२० मध्ये भाषावार प्रांतिक समित्या केल्या तेव्हा या एका प्रांतात हिंदी महाकोशल, मराठी नागपूर व वऱ्हाड अशा तीन समित्या झाल्या. १९३८ च्या जुलैत नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात महाकोशलच्या मंत्र्यांशी जो बेबनाव झाला आणि ज्याचा शेवट पं. रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान होण्यात झाला, त्याच्या मुळाशी व्यक्तींचे हेवेदावे किती आणि मराठी-हिंदी अविश्वास किती, यावर अजूनही वाद होतो. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मात्र अशा प्रत्येक वादळाची धूळ लहान गावांतल्या मराठी घरांच्या ओसरीपर्यंत येते, एवढे नमूद केले पाहिजे.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. त्याआधी राज्याच्या दोन राजभाषा होत्या, हिंदी व मराठी. आता एकच उरली. सिहोऱ्यातील मराठी कुटुंबाने घर बदलले नाही, गाव सोडले नाही, अंगणातली तुळससुद्धा हलविली नाही; तरी एका रात्रीत ते परप्रांतीय झाले. सरहद्द ओलांडून परदेशी जाणारे पुष्कळ. सरहद्दच ज्यांना ओलांडून गेली, असे आम्ही.

आता आचारांकडे वळू. नर्मदेच्या दोन तीरांवरचे आचार भिन्न आहेत ही जाणीव फार जुनी आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडील पाच आणि उत्तरेकडील पाच आचार सांगितले आहेत, की जे एकीकडे रूढ आणि दुसरीकडे निंद्य. दक्षिणेकडचे म्हणजे मुंज न झालेल्यासह भोजन, पत्नीसह भोजन, शिळे अन्न खाणे, मामेबहिणीशी आणि आतेबहिणीशी विवाह. उत्तरेकडचे म्हणजे लोकर विकणे, मद्यपान, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या पशूंचा व्यापार, शस्त्रांवर उपजीविका आणि समुद्रप्रवास. ज्या देशात जो आचार, तेथे तो देशच प्रमाण; एकीकडचा आचार दुसरीकडे करील तो दोषी, असे एक मत त्याने नोंदविले आहे. गौतमाला हे मान्य नाही आणि बौधायनाचाही कल पुढे त्याच्याकडेच झुकतो. परंतु एवढ्या प्राचीन काळी एका सूत्रकाराला या भेदांची शांतपणे यादी करावीशी वाटली, हेच आम्हांस विलक्षण वाटते. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त या प्रश्नाची चर्चा आहे, जिज्ञासूंनी ती पाहावी. समुद्रप्रवास हा उत्तरेचा दोष म्हणून गणला गेला आहे, हे वाचून आमच्या परदेशस्थ वाचकांना हसू येईल.

यादीतला मामेबहिणीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जाई. कोकणस्थांत ती चाल नाही, देशस्थांत व मराठ्यांत आहे. सिहोऱ्यातील हिंदी शेजाऱ्याच्या दृष्टीने मामाची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखीच. असा एखादा विवाह एखाद्या मराठी घरी ठरला म्हणजे शेजारणींचे चेहरे पांढरे पडत. त्यांच्या लेखी हा अधर्मच होता, आणि आमच्या घरांतील वडीलमंडळींना हा उगाच नाक खुपसण्याचा प्रकार वाटे. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून दाखविला आहे. भाषा उत्तरेच्या कुळातली आणि सोयरीक बरीचशी दक्षिणेच्या वळणाची. हे ज्याला कळले त्याचा राग निम्मा ओसरतो. गंमत अशी, की याच जिल्ह्यातील गोंडांत मामे-आतेभावंडांच्या विवाहाची चाल आहे आणि तिला ‘दूध लौटाना’ असे गोड नाव आहे. आत्या ज्या घरातून गेली त्या घराचे दूध परत करावयाचे. ज्यांचे राज्य आपण बुडविले त्यांच्याशी सोयरिकीच्या बाबतीत आपले नाते शेजारच्या वेदपाठ्यापेक्षा जवळचे निघाले!

जेवणाची कथा अशीच. हिंदी मुलखात अन्नाचे कच्चे आणि पक्के असे दोन भेद. पाण्यात शिजविलेले डाळ-भात आणि तव्यावरची पोळी हे कच्चे. तुपात तळलेली पुरी-कचोरी हे पक्के. कच्चे अन्न स्वजातीयाच्या हातचेच घ्यावयाचे, पक्के पुष्कळांच्या हातचे चाले. मराठी यजमानाने प्रेमाने वरणभाताचे ताट वाढावे आणि शेजाऱ्याने हात जोडून पुरीच मागावी, यात अपमान नव्हता. पण तो वाटे. उलट बाजूही आहेच. सोवळ्यात स्वयंपाक करणारी आजी शेजारच्या पोराला ‘शिवू नकोस’ म्हणून ओरडे, तेव्हा त्या पोराची आई घरी जाऊन रडे. आजी तर आपल्या पोटच्या नातवालाही तसेच ओरडत असते, हे तिला कोण सांगणार? दोन्ही घरे आपापल्या शुद्धतेचे नियम पाळीत होती आणि प्रत्येकास दुसऱ्याचा नियम हा तिरस्कार वाटत होता. हळूहळू तोड निघाली. सणाला शेजारी बोलवावयाचे असले म्हणजे श्रीखंड-पुरीचा बेत होऊ लागला. पुढे हॉटेले आली, मुले एकत्र शिकू लागली, आणि कच्चे-पक्के, सोवळे-ओवळे दोन्ही एकदमच मागे पडले. त्यातील जातीचा डंख गेला, हे चांगलेच झाले.

येथे एक भेद करावासा वाटतो. मराठी सून डोक्यावरून पदर घेई, पण चेहरा झाकीत नसे. गल्लीतल्या इतर सुना घुंघटाआड. यावरून कुजबुज होई. आमच्या आज्यांनी शेजारणींच्या घुंघटाची थट्टा कधी केली नाही आणि स्वतःचा चेहराही कधी झाकला नाही. आमच्या समजुतीप्रमाणे आदर तो हाच. अनुकरण ही निराळी वस्तू आहे. पुढे याच गल्लीतल्या मुली उघड्या चेहऱ्याने शाळेत जाऊ लागल्या, त्याचे श्रेय आम्ही घेत नाही. काळाने ते केले.

भाषेने तर आमची फारच फजिती केली, आणि ती परक्या शब्दांनी नव्हे, ओळखीच्या शब्दांनी. हिंदी शाळेतले गुरुजी घरी येऊन म्हणत, ‘आपके बेटे को अच्छी शिक्षा मिलनी चाहिए’, आणि पोराने काय गुन्हा केला या विचाराने आईचा जीव खालीवर होई. प्रगतिपुस्तकावर ‘चेष्टा करे’ असा शेरा पाहून वडील संतापत, की मास्तर मुलाला थट्टामस्करी शिकवितात की काय! ‘खाली’ म्हणजे इकडे रिकामे, ‘संसार’ म्हणजे सारे जग. नात्यांत तर बोलू नये. आम्ही थोरल्या बहिणीला ‘ताई’ म्हणावे, तर हिंदीत ताई म्हणजे थोरल्या काकांची बायको. दहा वर्षांच्या परकरी मुलीला सगळे घर ताई म्हणून हाक मारते हे ऐकून शेजारच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत. अगदी अनोळखी भाषेत माणूस सावध असतो. लिपी एक, शब्द एक, म्हणून अर्थही एकच असला पाहिजे या भरवशावर तो फसतो. परदेशात आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, पण निराळ्या मुलखातून आलेल्या भारतीय शेजाऱ्यांबाबत हाच अनुभव येतो असे आमचे आप्त लिहितात. गोऱ्या शेजाऱ्याला आपण समजावून सांगतो, स्वदेशी शेजाऱ्याने मात्र आपण होऊन समजून घ्यावे अशी अपेक्षा करतो.

ज्यांनी ही दोन घरे खऱ्या अर्थाने जोडली त्यांत पं. माधवराव सप्रे यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. जन्म १८७१ चा, जबलपूरच्या शेजारच्या दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. मातृभाषा मराठी, आणि लेखणी हिंदीची. १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढले. १९०७ मध्ये नागपुराहून ‘हिंदी केसरी’. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य यांचे त्यांनी हिंदी अनुवाद केले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय १९८४ पासून भोपाळला आहे. खेदाची गोष्ट ही, की हिंदी साहित्याच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतात त्या सप्र्यांची ओळख महाराष्ट्रातील सामान्य वाचकास फारशी नाही. आपल्या घरातले सर्वोत्तम ते शेजाऱ्याच्या भाषेत नेऊन ठेवणे हे घर सोडणे नव्हे. दासबोध हिंदीत गेला म्हणून मराठीचा एक शब्दही उणा झाला नाही.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण याहून सूक्ष्म. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले. काही काळ ते जबलपुरात शिक्षक होते. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी व समीक्षक. एका आईची दोन मुले, दोन भाषांत. कोणी कोणाला परका झाला नाही. उलटा प्रवाहही सांगितला पाहिजे. तांबे घराण्यात काशीस जन्मलेली आणि नेवाळकरांच्या घरी झाशीस दिलेली लक्ष्मीबाई साऱ्या हिंदी मुलखाच्या तोंडी बसली ती सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेमुळे, आणि त्या कवयित्रीचे घर जबलपुरात होते. बुंदेलखंडातील गाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली कथा म्हणून ती कविता पुढे येते. आमच्या राणीला त्यांनी आपली केले, आणि तिचे मराठीपण लपविण्याची त्यांना गरज भासली नाही. त्याच रीतीने, या मुलखातील कलचुरी राजांचे शिलालेख वाचून १९५५ मध्ये त्यांचा महाग्रंथ सिद्ध केला तो कोकणात जन्मलेल्या म. म. वा. वि. मिराशी यांनी. त्रिपुरीचा अभिमान बाळगणाऱ्या जबलपूरकराला आज त्या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही.

एक प्रश्न मात्र आम्हांस नेहमी टोचतो. या मुलखात आम्हांला ‘दक्षिणी’ म्हणतात. शब्दात क्वचित थट्टा असते, पण बहुधा आदरच. दक्षिणी पंडित म्हणजे विद्वान, अशी समजूत. आणि याच मुलखातून पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रात जाऊन राहिलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? ‘परदेशी’. कित्येक घराण्यांचे ते आडनावच होऊन बसले आहे. पोट भरण्यासाठी आलेल्याला ‘भय्या’ म्हणताना आपल्या सुरात जो तुटकपणा येतो तो सुट्टीत पुण्या-मुंबईस गेलेल्या आमच्या मुलांच्या कानांना ताबडतोब कळतो, कारण सिहोऱ्यात ज्याला ते भैया म्हणतात तो त्यांच्या मित्राचा थोरला भाऊ असतो. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही.

शेवटी पंचांगाविषयी थोडे लिहून थांबतो, कारण हल्ली घराघरांत खरी वाटाघाट चालते ती याच विषयावर. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्लपक्षाचे नाव दोन्हीकडे एक. वद्यपक्षाचे नाव मात्र निराळे. म्हणून आमची गोकुळाष्टमी श्रावणातली आणि शेजाऱ्यांची भाद्रपदातली, पण दिवस एकच. दिवाळीची अमावास्या आमची आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. दिवे एकाच संध्याकाळी लागतात. वटसावित्रीचे मात्र तसे नाही. ती आमची ज्येष्ठ पौर्णिमेला, त्यांची त्यांच्या ज्येष्ठाच्या अमावास्येला. म्हणजे त्याच वडाला पंधरवड्याच्या अंतराने दोनदा सूत गुंडाळले जाते. ‘महालक्ष्मी’ हे नाव आमच्याकडे भाद्रपदातल्या गौरींचे, आणि शेजारणींकडे पितृपक्षातल्या अष्टमीला मातीच्या हत्तीसह पुजल्या जाणाऱ्या देवीचे. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येथे कजलियांचा सण असतो. दोन्यांत रुजविलेले गव्हाचे कोवळे पिवळसर अंकुर एकमेकांस द्यावयाचे, लहानांनी थोरांच्या पाया पडावयाचे, वर्षातले रुसवे मिटवावयाचे. आम्ही तो संक्रांतीच्या तिळगुळाचा सख्खा भाऊ समजतो आणि आनंदाने पाळतो.

सिहोऱ्यातील मराठी घरांत आता भिंतीवर दोन दिनदर्शिका दिसतात. एक मुंबईचे कालनिर्णय, दुसरे जबलपुरातच निघणारे लाला रामस्वरूप यांचे पंचांग. संकष्टीच्या चंद्रोदयाची मुंबईची वेळ येथे उपयोगी नाही; जबलपूर पूर्वेला असल्यामुळे येथे चंद्र सुमारे अर्धा तास आधी उगवतो, आणि जो मुंबईच्या वेळेवर विसंबेल त्याला तितका वेळ उगाच उपाशी राहावे लागेल. सुना आता हिंदी घरांतून येतात, लेकी हिंदी घरांत जातात. सुनेचा सावन आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सासूचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी लागतो आणि पिठोरी अमावास्येला संपतो. दोघींचे सोमवार मिळून घरात पंचेचाळीस दिवसांचा श्रावण चालतो. पुरुषमंडळी त्यावर थोडी कुरकुर करतात, विशेषतः ज्यांना सामिष भोजनाची आवड आहे ती. पण सुनेच्या सोमवारी सासू साबुदाणा भिजत घालते, आणि सासूच्या सोमवारी सून बेलाची पाने आणून ठेवते. कोणाचा श्रावण खरा, हा प्रश्न त्या घरांत आम्ही अद्याप कोणाला विचारताना ऐकलेला नाही.